आठ लिटरांचे चोवीस

आमच्या कोलशेतच्या घरात स्वयंपाकघराला लागून एक बंदिस्त गॅलरी आहे. आठ फूट लांब, साडेतीन फूट रुंद. नकाशात तिथे वॉशिंग मशीन दाखवलं होतं. ते बाथरूममध्ये ढकलून मी तिथे माझं बिअरचं यंत्र ठेवलं आहे. दिसायला ते स्टीलच्या मोठ्या पिंपासारखं. आत जाळीदार बुडाची टोपली, तळाशी हीटर, बाजूला छोटा पंप आणि पोटावर एक काळा पडदा. किती अंशांवर किती मिनिटं हे पडद्यावर एकदा भरलं की ते आपलं आपण तापतं, खालचं पाणी ओढून वरून धान्यावर सोडत राहतं आणि वेळ झाली की शीळ घालतं.

तयार अर्काच्या डब्यातून बिअर करणारे लोक असतात. मी थेट धान्यापासून करतो. धान्य म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, ज्याला सगळे माल्ट म्हणतात. ते भरडायचं, अडुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, की त्यातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून तासभर उकळायचं, त्यात हॉप्स नावाच्या कडू फुलांच्या गोळ्या टाकायच्या, गार करून यीस्ट घालायचं आणि वाट बघायची. परवान्याशिवाय घरी दारू करणं कायद्यात बसत नाही, आणि जे बसत नाही ते मला पचत नाही. म्हणून मी एक आळशी जातीचं यीस्ट वापरतो. ते साखर थोडीशीच खातं आणि झोपी जातं. हाती येते ती फेसाची, वासाची, कडवट बिअर, पण तिच्यात दारू अर्धा टक्कासुद्धा नसते. बायको तिला ‘तुझा काढा’ म्हणते.

चार वर्षं मी दर वेळी आठ लिटरच केली. यंत्र पस्तीस लिटरचं आहे, तरी आठच. एक किलो माल्ट, साडेबारा लिटर पाणी, शेवटी आठ लिटर. हे आकडे मला पाठ होते आणि तेच मला आवडत होतं. माझी नोकरी एका औषध कंपनीत साठ्याच्या नोंदी ठेवण्याची. किती आलं, किती गेलं, किती उरलं. शनिवारी सकाळी गॅलरीत स्टूल टाकून बसलं की तीच नोंद जणू वाफेवर लिहिली जायची. खाडीकडून ऊन तिरकं यायचं, वाफेतून जाताना पिवळं व्हायचं, घरभर भाजलेल्या बिस्किटांसारखा वास भरायचा, आणि मी आपण कोण, कुठे हे थोडा वेळ विसरून जायचो.

दोन वर्षांपूर्वी बाबा कल्याणजवळच्या मोहने गावातलं घर सोडून आमच्याकडे आले. त्यांना आता ब्याऐंशीवं चालू आहे. तिथल्या रेयॉनच्या, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या, कारखान्यात एकतीस वर्षं ते फिल्टर खात्यात होते. कारखाना कधीच बंद झाला, पण मोहन्याचा विषय निघाला की मला आधी तिथला वास येतो, सडक्या कोबीसारखा, नदीवरून घरात शिरणारा. पाहुणे नाक धरायचे. आम्हाला तो वास आला नाही तर चुकल्यासारखं व्हायचं.

लहानपणी एकदा बाबांनी मला आत नेलं होतं. लाकडाचा लगदा रसायनात विरघळून त्याचं दाट, नारिंगी पाणी व्हायचं. काकवीसारखं, पण काकवीहून उजळ. ते कापडांच्या थरांमधून गाळून एका थंड खोलीत मोठमोठ्या टाक्यांत ठेवायचे. “इथे आवाज करायचा नाही,” बाबा म्हणाले होते, “आत पिकतंय.” मी टाकीला कान लावला. आत काहीच ऐकू येत नव्हतं. पण अजून कधीकधी झोपेच्या काठावर मला ती खोली दिसते, आणि टाकीच्या आत काहीतरी फार सावकाश कूस बदलतंय असं वाटतं.

गेल्या वर्षी बाबांनी रक्तदाबाची गोळी एकाच सकाळी दोनदा घेतली आणि लिफ्टपाशी कोसळले. चार दिवस रुग्णालयात काढले. घरी आल्यावर मी सगळं माझ्या ताब्यात घेतलं. गोळ्या मी काढून देणार. घराची किल्ली त्यांच्याकडे राहणार नाही. एकट्याने खाली उतरायचं नाही. गॅसला हात लावायचा नाही. फ्रिजवर मी एक तक्ता चिकटवला आणि रोज त्यावर खुणा केल्या. बाबांनी एका शब्दानेही विरोध केला नाही. ते खुर्चीत बसायचे, हात मांडीवर ठेवून, तळवे वर करून, कोणी काहीतरी देईल म्हणून ठेवल्यासारखे.

“तू त्यांना सांभाळत नाहीयेस,” बायको एकदा म्हणाली. “त्यांचा स्टॉक ठेवतोयस.”

मी ऐकून घेतलं आणि तक्त्यावर खूण केली.

मग त्यांच्या जुन्या शिफ्टमधल्या फिटरचा फोन आला. त्या शिफ्टमधले अकरा जण अजून आहेत. वर्षातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतात, बायकांसकट. बाबा दर वर्षी जात, पण मुलाच्या घरी राहतो म्हणून त्यांनी कधी कोणाला बोलावलं नव्हतं. त्या दिवशी फोनवर त्यांचा आवाज चढला.

“या वेळी माझ्याकडे. अरे हो, ठाण्यात! आणि पाजणार मी. घरची. नाही रे, चढत नाही. तुला चढायला काय, ताकानेसुद्धा चढते!”

फोन ठेवून ते गॅलरीच्या दारात आले. “वीस माणसं धर. प्रत्येकी दोन ग्लास, अर्ध्या लिटरचे. वीस लिटर.”

“आणि?”

“आणि चार लिटर त्या फिटरचे. चोवीस कर.” मग म्हणाले, “म्हणजे तू नाही. मी करणार. तू सांगशील तसं, पण शिफ्ट माझी.”

इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं. मला त्यातला गरम हीटर दिसला, तीस लिटर उकळतं पाणी दिसलं, ओली फरशी दिसली. मी “बघू” म्हणालो. बायकोने माझ्याकडे बघितलं. मग मी “बरं” म्हणालो.

आठाचे चोवीस करायचे म्हणजे सगळ्याला तीनने गुणायचं, असं मी धरलं. संगणकावर माझा तक्ता होताच. माल्ट तीन किलो, पाणी साडेसदतीस लिटर. इतकं पाणी यंत्रात मावणार नव्हतं, तर उरलेलं मागाहून धान्यावरून ओतायचं, असा बेत मी लिहून काढला आणि छापून बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला.

“आठ लिटरला साडेबारा पाणी. वरचं साडेचार जातं कुठे?”

“एक लिटर धान्य पितं, एक तळाशी गाळात राहतं, अडीच वाफ होऊन जातं.”

“आणि चोवीसला वाफ किती?”

“तिप्पट. साडेसात.”

“का?” ते खरंच विचारत होते. “यंत्र तेच ना? तोंड तेवढंच, आच तेवढीच, वेळ तासभरच. मग वाफ तिप्पट कशी होईल? वाफ भांड्याच्या तोंडावर ठरते रे, पोटावर नाही. आणि तळाचा गाळही तेवढाच राहणार.”

मी कागद उलटा करून मागे मांडलं. चोवीस, अधिक धान्याचे तीन, वाफेचे अडीच, गाळाचा एक. साडेतीस. माझ्या हिशेबात सात लिटर पाणी जास्त होतं. त्या सात लिटरांनी सगळी बिअर मिळमिळीत झाली असती. चार वर्षं मी दर लिटरमागे पाण्याचा एकच आकडा धरून चाललो होतो, आणि आठाच्या बाहेर कधी पाऊल न टाकल्यामुळे तो खोटा आहे हे कळायची वेळच आली नव्हती.

बाबांनी पेन मागून घेतलं आणि साडेतीसच्या खाली सही केली. कारखान्यात शिफ्ट घेताना करायचे तशी, तिरकी, खाली रेघ ओढून. मला फार बरं वाटलं, आणि तरीही त्याच संध्याकाळी गोळ्या मीच काढून दिल्या.

माल्ट भरडायला माझ्याकडे हाताने फिरवायचं छोटं यंत्र आहे. दोन रुळांमधून दाणा जातो, नुसता फुटतो, टरफल अखंड राहतं आणि तेच पुढे गाळणीचं काम करतं. एका किलोला चाळीस मिनिटं लागतात. तीन किलोंना दोन तास. शुक्रवारी मी कामावर होतो आणि शनिवारी पहाटे उठून भरडायचं ठरवलं होतं.

शनिवारी उठलो तर ओट्यावर पिशवी तयार होती. कापडी, तोंड सुतळीने बांधलेलं. बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून गॅलरीत उभे.

“दळून आणलं कालच,” ते म्हणाले. “तुझे दोन तास वाचले.”

ते बिल्डिंगमागच्या गिरणीत गेले होते. एकटे. दोन मजले जिने उतरून, कारण लिफ्टमध्ये कोणी भेटलं तर मला सांगेल. बायकोला हे माहीत होतं. गिरणीवाल्याला त्यांनी “भरड काढ” असं बरोब्बर सांगितलं होतं. नंतर कधीतरी गिरणीवाल्यानेच मला सगळं ऐकवलं. “आजोबा उभं राहून बघत होते हो, लापशीसारखं काढलं मी. पण तुमच्या नंतर ज्या बाईंचे गहू टाकले ना, त्या परत आल्या. मला वाटलं भांडायला. तर म्हणे, ह्या वेळी पोळ्या गोड लागल्या, परत तसंच दळा!”

पण गिरणीच्या दगडाखाली धान्य फुटत नाही, चिरडतं. मी सुतळी सोडून हात घातला. टरफलांचा भुगा आणि त्यात मऊ पीठ. आमच्या घरी दुसरं माल्ट नव्हतं. ते मागवायला आठवडा लागतो, बिअर तयार व्हायला दोन, आणि मंडळी दोन आठवड्यांनी रविवारी येणार होती. सगळं जमवायला एवढी एकच संधी होती. मी पिशवी टोपलीत ओतली.

पहिली वीस मिनिटं छान गेली. पंप पाणी फिरवत होता, वरून पिवळी धार पडत होती, वास सुटला होता. बाबा दर पाच मिनिटांनी वहीत तापमान लिहीत होते. मग धार बारीक झाली. टोपलीत पाणी वर चढू लागलं, कारण खाली उतरायला वाट नव्हती. पिठाने जाळी लिंपून टाकली होती. खाली तळ कोरडा पडू लागला, हीटर उघडा पडला आणि यंत्र कर्कश ओरडायला लागलं. जरा करपल्याचा वास आला.

“बाबा, तुम्हाला सांगितलं कोणी होतं गिरणीत जायला?” मी ओरडलोच. “विचारायचं तरी! एक गोष्ट धड ऐकत नाही तुम्ही. म्हणून तर सगळं माझ्याकडे घ्यावं लागतं.”

ते वाक्य तोंडातून निघालं आणि गॅलरीत लटकत राहिलं. बाबांनी वही मिटली, पेनाला टोपण लावलं आणि हॉलमध्ये जाऊन आपल्या खुर्चीत बसले. हात मांडीवर, तळवे वर.

मी यंत्र बंद केलं, चालू केलं. पंपाचा जोर वाढवला. पाणी काठापर्यंत आलं. मी फोनवर शोधू लागलो. बायको कणीक मळता मळता दारात आली.

“काय शोधतोयस?”

“गाळण तुंबलं की काय करतात ते.”

“अरे, एकतीस वर्षं गाळण तुंबू न देणारा माणूस घरात बसलाय. आणि तू फोनला काय विचारतोस?” तिने पिठाच्या हाताने हॉलकडे बोट दाखवलं. “जा. आणि नीट बोल.”

मी हॉलमध्ये गेलो. बाबा खिडकीबाहेर बघत होते. समोर नव्या इमारतींच्या मधून खाडीची एक चकचकीत चीर दिसते, तिच्याकडे.

“बाबा, काय करू?” मी म्हणालो.

त्यांनी मान वळवली नाही. “पंप चालू आहे का अजून?”

“हो.”

“जोर वाढवलास?”

“हो.”

“गाढवा.” ते उठले. “तुंबलं की दाब वाढवतात का कधी? अजून घट्ट बसतं ते. आधी पंप बंद. हीटर बंद.”

गॅलरीत येऊन त्यांनी बाह्या दुमडल्या. पाणी, धान्य, टोपली, सगळ्याकडे ते बराच वेळ नुसते बघत राहिले. घाईचं काही चिन्ह नव्हतं. मला वाटलं, ते आत कान लावतायत.

“टोपली धर. दोन्ही कड्या. एक वीत वर उचल. थांब. पाणी निथळू दे जरासं. आता हळू खाली सोड. हळू म्हटलं ना! पाणी खालून वर चढलं पाहिजे. थर उचलला जाईल.”

मी सोडलं. धान्याचा थर एखाद्या झोपलेल्या जनावराच्या पोटासारखा फुगला आणि खाली बसला. “पुन्हा,” बाबा म्हणाले. पुन्हा. चौथ्या खेपेला वरचं पाणी गुळगुळ आवाज करत उतरू लागलं. बाबांनी लांब डावाने फक्त वरचं चार बोटं धान्य सैल केलं, खाली हात लावू दिला नाही. मग पंप चालू केला आणि त्याचा नळ स्वतः फिरवला, इतका थोडा की पाण्याची धार म्हणण्यापेक्षा सुतळी पडत होती.

“आता असंच. तासाचे तीन तास लागले तरी चालेल.”

अडीच लागले. आम्ही दोघं स्टुलांवर बसलो. सुतळीसारखी धार हळूहळू गढूळची स्वच्छ झाली, मग नारिंगी, आणि उन्हात आल्यावर मी लहानपणी पाहिलेल्या त्या दाट पाण्याच्या रंगाची. बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांनाही तेच दिसत होतं की नाही, मी विचारलं नाही. वॉशिंग मशीनची घरघर, खालून रिक्षांचे आवाज, कुकरच्या शिट्ट्या, सगळं फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखं येत होतं. मध्येच ते म्हणाले, “भाताचं तूस घातलं असतं ना मुठी-दोन मुठी, तर तुंबलंच नसतं. पोकळी राहते. आंबिवलीला भातगिरणी आहे, तिथे मिळेल.”

चोवीस ठरले होते, उकळून गार केल्यावर एकोणीस लिटर हाती आलं. पीठ होऊन बसलेल्या थरात पाच लिटर अडकून राहिले, ते सोडून दिले. वहीत बाबांनी लिहिलं: ‘घट पाच लिटर. कारण: दळण बारीक. जबाबदार: मी.’ आणि सही. मी पेन घेऊन ‘मी’च्या पुढे ‘दोघे’ लिहायला गेलो. त्यांनी वही ओढून घेतली.

ठरलेल्या रविवारी अकरापैकी आठ जण आले, सहा जणांच्या बायका होत्या. घरात बसायला जागा उरली नाही. बाबांनी स्वतः ओतलं. ग्लास तिरका धरून, फेस दोन बोटं ठेवून. मी ट्रे धरून मागे उभा होतो, कारण मला तसं सांगण्यात आलं होतं.

फिटर ठेंगणे, जाड चष्म्याचे. त्यांनी पहिला घोट घेऊन तोंडात घोळवला. “तुरट आहे रे जरा.”

“टरफलं चिरडली,” बाबा म्हणाले. “गिरणीतून दळून आणलं मी. चूक माझी.”

“फिल्टर खात्यातला माणूस आणि बारीक दळतो? साहेबांना कळलं असतं तर तुला बॉयलरवर पाठवला असता.”

“आणि तुला फिटर केला त्या साहेबाला कुठे पाठवणार होतास?”

सगळे हसले. मग कोणीतरी तुंबलं कसं सुटलं ते विचारलं, आणि बाबांनी सांगायला सुरुवात केली. हातांनी टोपली उचलून दाखवली, हळू खाली सोडली. आठ म्हातारे माना डोलवत होते, कोणी मध्येच “आणि वरून ढवळलं नाहीस ना?” विचारत होतं. फिटरांनी त्यांच्या वाटणीचे चार लिटर जवळजवळ पुरे केले आणि म्हणाले, “तुरटपणाची सवय होते.”

सोमवारी मी चहा घेत असताना बाबा बाहेर जायचे कपडे घालून आले. हातात कापडी पिशवी.

“आंबिवलीला जाऊन येतो. तूस आणायला. फिटर कल्याणला बसथांब्यावर भेटेल, तिथून दोघे रिक्षाने जाऊ.”

“शनिवारी मी गाडीने नेतो ना.”

“शनिवारी तूस हाताशी हवं. तू मागवलेलं माल्ट आलंय, शनिवारीच परत टाकायचंय. चोवीस.”

माझ्या डोळ्यांसमोर कापूरबावडीचा बसथांबा आला, चढायची गर्दी, ऊन, लिफ्टपाशी पडलेले बाबा. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. बायको ओट्यापाशी पाठमोरी होती. तिने गॅस बारीक केला, पण वळली नाही.

मी कपाट उघडून किल्ली काढली आणि त्यांना दिली. मग डबीतून दुपारची गोळी काढायला गेलो, थांबलो, आणि अख्खी डबीच पुढे केली. त्यांनी ती उघडून आत बघितलं, मोजलं, सदऱ्याच्या खिशात ठेवली.

“दुपारी एक ना?”

“हो. जेवणानंतर.”

ते गेले. लिफ्टचं दार उघडलं आणि बंद झालं, तो आवाज मी पूर्ण ऐकला. कामावर दिवसभर मी तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवला. दीड वाजता त्यांचाच आला. मागे यंत्राची धडधड होती आणि फिटर कोणाशी तरी मोठ्याने घासाघीस करत होते.

“ऐक,” बाबा ओरडून म्हणाले, “गोळी घेतली. तूस पोत्याने देतायत, सुटं नाही. तीन किलो माल्टला किती लागेल तुझ्या हिशेबाने?”

माझ्यापुढे कागद होता, पेन होतं. “माझ्याकडे तो आकडा नाही, बाबा,” मी म्हणालो. “तुम्ही ठरवा.”

“बरं,” ते म्हणाले, आणि पलीकडे कोणाला तरी सांगू लागले की पोतं बांध.